पडद्यावरची खिडकी

सरकारी कचेरीतील खिडकी ही आपल्या मध्यमवर्गाच्या जीवनातील एक जुनी संस्था आहे. खिडकीपुढे रांग, रांगेच्या टोकाला जाळी, जाळीमागे कारकून आणि कारकुनापुढे कागदांचा ढीग, हे चित्र ज्याने पाहिले नाही असा माणूस मागच्या पिढीत सापडणे कठीण. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही खिडकी हळूहळू संगणकाच्या आणि पुढे मोबाइलच्या पडद्यावर सरकली. सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, रेल्वेचे तिकीट, महाविद्यालयाचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्राप्तिकराचे विवरणपत्र, अशी कितीतरी कामे आता पडद्यावरच होतात. रांग दिसेनाशी झाली, त्याअर्थी ती संपली, असा एक सोयीस्कर समजही त्याबरोबर रूढ झाला.

वस्तुतः रांग संपलेली नाही. ती घराघरांत वाटली गेली आहे. छायाचित्राचा आकार नेमून दिलेल्या मर्यादेत बसविण्यासाठी रात्री अकरा वाजता धडपडणारा विद्यार्थी, आपले जन्मसाल गाठण्यासाठी वर्षांची लांबलचक यादी बोटाने खाली सरकवीत बसलेला निवृत्त शिक्षक, सगळे रकाने भरून झाल्यावर ‘सत्र समाप्त झाले’ एवढेच वाचून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करणारी लिपिक स्त्री, ही सारी माणसे त्याच रांगेत उभी आहेत. फरक एवढाच की, पूर्वी रांगेतील माणसे एकमेकांना दिसत आणि फारच झाले तर एकजुटीने आवाज उठवीत. आता प्रत्येकजण एकटा असतो आणि चूक आपलीच असावी, आपल्यालाच हे जमत नसावे, असे मानून गप्प बसतो.

या अर्जांची मांडणी करणे आणि ती पडद्यावर उतरविणे हे काम तंत्रज्ञांचे, तेव्हा त्यात सामान्य नागरिकाने लक्ष घालण्याचे कारण नाही, असे अनेकांना वाटते. ही समजूत बरोबर नाही. पडद्यावरचा अर्ज कसा रचावा, हा रंगसंगतीचा किंवा हौसेचा प्रश्न नाही. नागरिकाचा वेळ, पैसा आणि हक्क यांचा तो प्रश्न आहे.

खर्च कोणाच्या खात्यावर?

अर्थशास्त्रात खर्चाचा विचार करताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, तो कोण सोसतो. समजा, एखाद्या अर्जाच्या सदोष मांडणीमुळे प्रत्येक अर्जदाराची दहा मिनिटे वाया गेली आणि अर्जदार एक लाख आहेत. एकूण दहा लाख मिनिटे, म्हणजे सुमारे १६ हजार ६०० तास खर्ची पडले. आठ तासांचा दिवस धरल्यास हे २ हजारांहून अधिक कामाचे दिवस झाले. हा खर्च कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, लेखापरीक्षणात येत नाही आणि विधिमंडळात त्यावर प्रश्नही उपस्थित होत नाही. तरीही तो होतो. कर न म्हणता वसूल केलेला तो एक करच आहे आणि त्याचा भार ज्याच्याजवळ वेळ, शिक्षण आणि चांगला मोबाइल कमी, त्याच्यावर सर्वांत अधिक पडतो. प्रतिगामी कराचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

या कराचा काही भाग रोख पैशातही मोजता येतो. स्वतःचा अर्ज स्वतः भरता यावा म्हणून संकेतस्थळ काढावयाचे आणि तो भरून घेण्यासाठी माणसाने नाक्यावरील सायबर कॅफेत पैसे मोजावयाचे, हे दृश्य गावोगाव दिसते. ज्याला वाचता-लिहिता येत नाही किंवा ज्याच्या घरी साधने नाहीत, त्याला मदतनीस लागणारच. त्यात गैर काही नाही. परंतु पदवीधर माणसालाही जेव्हा मदतनीस लागतो, तेव्हा त्याने मोजलेले पैसे हे सदोष मांडणीचे बाजारमूल्यच म्हटले पाहिजे.

लंडनमधील प्रयोग

हे दुखणे केवळ आपलेच आहे, असे मानण्याचे कारण नाही. सन २०१०पर्यंत ब्रिटनचीही अवस्था फारशी वेगळी नव्हती. प्रत्येक खात्याची, मंडळाची आणि उपसंस्थेची स्वतंत्र संकेतस्थळे होती. नागरिकाला आधी आपले काम कोणत्या खात्याचे हे शोधावे लागे, मग त्या खात्याची भाषा समजून घ्यावी लागे. त्या वर्षी मार्था लेन फॉक्स यांनी मंत्रिमंडळ कार्यालयाला एक अहवाल सादर केला. त्याचा सारांश असा की, थोड्याफार डागडुजीने भागणार नाही. मुळापासून बदल हवा. त्यातून २०११मध्ये ‘गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस’ ही संस्था उभी राहिली. तिने बारा आठवड्यांत एक कच्चा नमुना तयार करून लोकांपुढे ठेवला, त्यावरच्या टीकेतून धडे घेतले आणि १७ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘गव्ह डॉट यूके’ हे एकच संकेतस्थळ जुन्या दोन मोठ्या संकेतस्थळांच्या जागी सुरू केले. पुढील दोन वर्षांत शेकडो शासकीय संस्थांची माहिती त्यात सामावली गेली. २०१३मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट रचनेचा पुरस्कार दिला.

पुरस्काराची बातमी ऐकून ज्यांनी ते संकेतस्थळ उघडले, त्यांतील पुष्कळांची निराशा झाली असेल. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरे, निळे दुवे; हलणारी चित्रे नाहीत, मंत्रिमहोदयांची छबी नाही, सरकत्या पट्ट्या नाहीत. परंतु पुढची सार्वजनिक सुटी कधी आहे हे पाहावयास गेलेल्या माणसाला ती तारीख पानाच्या अगदी वर मोठ्या अक्षरांत मिळते. परिपत्रक उघडून त्यात बोट फिरवीत बसावे लागत नाही. त्यातील अक्षरवळणाचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी ब्रिटनच्या रस्त्यांवरील फलकांसाठी घडविलेल्या अक्षरवळणाचीच ती नवी आवृत्ती आहे. भरधाव मोटारीतून क्षणभरात वाचता यावीत म्हणून घडविलेली ही अक्षरे घाईत असलेल्या नागरिकासाठी वापरली जावीत, यात एक औचित्य आहे.

सोपेपणामागचे कष्ट

या संस्थेने २०१२मध्ये आपल्या कामाची काही तत्त्वे प्रसिद्ध केली. आरंभ वापरणाऱ्याच्या गरजेपासून करावा, हे त्यांतील पहिले. सोपे करण्यासाठी लागणारे कष्ट आपण घ्यावेत, हेही त्यांतच आहे. ही वाक्ये सुभाषितांसारखी वाटतात. परंतु त्यांचे मर्म तपशिलात उतरल्यावरच कळते.

जन्मतारखेचेच उदाहरण घ्या. बहुतेक अर्जांत दिवस, महिना आणि वर्ष यांच्या तीन लांब याद्या असतात किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेसारखे एक चित्र उघडते. उद्याच्या प्रवासाची तारीख निवडण्यास ती दिनदर्शिका सोयीची. परंतु साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या जन्मदिवसापर्यंत तीतून मागे जाणे म्हणजे शिक्षाच. स्वतःची जन्मतारीख माणसाला पाठच असते. म्हणून ब्रिटनमधील या मंडळींनी तीन साधे रकाने ठेवले आणि आकडे लिहावयास सांगितले. तीच गोष्ट नावाची. पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तुकडे जगातील सर्व नावांचे पडत नाहीत; म्हणून शक्य तेथे पूर्ण नावासाठी एकच रकाना ठेवावा, असे त्यांचे मार्गदर्शन सांगते. चूक झाली असेल तर नुसते ‘अवैध माहिती’ असे लाल अक्षरांत न लिहिता, काय चुकले आणि ते कसे दुरुस्त करावे, हे पानाच्या वर आणि त्या-त्या रकान्यापाशीही सांगावे. एका पानावर शक्यतो एकच गोष्ट विचारावी.

यांतील एकही गोष्ट तंत्रदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते हे की, त्यासाठी अर्ज रचणाऱ्याने अर्ज भरणाऱ्याच्या शेजारी बसून, त्याला न टोकता, तो कोठे अडखळतो ते पाहावे लागते. हे पाहणे आपल्याकडे सहसा होत नाही. अर्जाची मांडणी बैठकीत ठरते, बैठकीत खात्याचे लोक असतात, आणि खात्याला जी माहिती ज्या क्रमाने हवी त्या क्रमाने रकाने पडतात. कागदी अर्जाची नक्कल पडद्यावर आली, एवढाच काय तो बदल.

एक टक्का माणसे

पडद्यावर दिसणाऱ्या भागाची बांधणी करणाऱ्या तंत्रज्ञांना ‘फ्रंट-एंड’चे लोक म्हणतात. त्यांच्या कामातील एक जुना वाद येथे सांगण्यासारखा आहे. संकेतस्थळाचे पान मुख्यतः तीन थरांचे असते. पहिला मजकुराचा, दुसरा रूपाचा आणि तिसरा ‘जावास्क्रिप्ट’ या भाषेत लिहिलेल्या हालचालींचा. हा तिसरा थर जड असतो. तो पोहोचलाच नाही तर अनेक आधुनिक संकेतस्थळांवर कोरे पान दिसते. जावास्क्रिप्ट बंद ठेवणारे लोक आता असतात कोठे, असा तंत्रज्ञांचा युक्तिवाद असे. ब्रिटनच्या या संस्थेने २०१३मध्ये प्रत्यक्ष मोजणी केली. १.१ टक्के भेटींत हा थर चाललाच नाही, असे आढळले. त्यांपैकी केवळ ०.२ टक्के लोकांनी तो बंद ठेवला होता किंवा त्यांच्या यंत्रात त्याची सोय नव्हती. उरलेल्या ०.९ टक्के भेटींत तो वाटेतच कोठेतरी अडकला होता. संपर्क तुटणे, मंद जाळे, कार्यालयीन निर्बंध अशी त्याची कारणे असू शकतात.

एक टक्का म्हणजे किती, हे भारतात सांगावे लागू नये. एक कोटी अर्जदारांतील एक टक्का म्हणजे एक लाख माणसे. आणि घाटातल्या गावात, लोकलच्या डब्यात किंवा स्वस्त मोबाइलवर हे प्रमाण याहून कमी असेल, असे मानण्यास आधार नाही. म्हणून पाया मजकुराचा असावा, अर्ज त्या एका थरावरही भरता यावा आणि बाकीची सजावट वरून चढवावी, ही बांधणीची रीत केवळ तांत्रिक शिस्त राहत नाही. ती वितरणातील न्यायाची बाब ठरते. घर बांधताना आधी कळस आणि मग पाया कोणी करीत नाही. संकेतस्थळे बांधताना मात्र पुष्कळदा तेच घडते.

लसीच्या नोंदणीचा धडा

वापरणाऱ्याचा विचार मागाहून केला म्हणजे काय होते, याचा अनुभव देशाने २०२१मध्ये घेतला. त्या वर्षी १ मेपासून १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुले झाले. परंतु त्यासाठी ‘कोविन’ या संकेतस्थळावर आधी नोंदणी करणे सक्तीचे होते आणि ते संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीत होते. लशींचा पुरवठा अपुरा. त्यामुळे जागा काही क्षणांत भरून जात. ज्यांना संगणकाची भाषा येत होती, त्यांनी रिकाम्या जागांची सूचना देणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या. शहरातील तरुण दूरच्या ग्रामीण केंद्रांवर जाऊन लस घेऊन येत आणि त्या गावातील माणसे पाहत राहत, अशा तक्रारी महाराष्ट्रातूनही आल्या.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१च्या आदेशात याच विषमतेवर बोट ठेवले. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागातील सुमारे ४ टक्के आणि शहरांतील २३ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता. इंटरनेटची सोय अनुक्रमे १५ आणि ४२ टक्के कुटुंबांना होती. पुढे जूनमध्ये मराठीसह इतर भारतीय भाषा उपलब्ध झाल्या आणि पूर्वनोंदणीवाचून थेट केंद्रावर लस घेण्याची मुभाही मिळाली. जुलै २०२२पर्यंत याच यंत्रणेवर २०० कोटी मात्रांची नोंद झाली, हे तिचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु यंत्र किती भार पेलते ही एक गोष्ट आणि त्याच्या दारातून कोणाला आत जाता येते ही दुसरी. भाषा हे दार होते आणि ते उशिरा उघडले.

देवनागरीचे दुखणे

भाषेचा विषय निघालाच आहे, तर मराठीच्या वाट्याला येणाऱ्या हेळसांडीचाही विचार व्हावा. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्थान आहे. तरीही जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांत टंकलिखित केलेली शासकीय कागदपत्रे, ज्यांतील एक शब्दही शोधता येत नाही, अजून ठिकठिकाणी सापडतात. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या चौकटीत वेलांट्या आणि उकार कापले जातात. पान मराठीत आहे, अशी एक छोटी खूण त्या पानाच्या आज्ञांत घातली, तर योग्य अक्षरसंचांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची दिसतात आणि अंधांसाठी पान वाचून दाखविणारे यंत्र योग्य उच्चार निवडते. हे काम एका ओळीचे आहे. ते होत नाही, कारण मराठी पान हे इंग्रजी पानाचे भाषांतर म्हणून शेवटच्या दिवशी तयार होते. बरे, ते भाषांतरही अनेकदा असे असते की, वाचक मुकाट्याने इंग्रजी पानाकडेच वळतो. आणि मग ‘मराठी पान कोणी पाहतच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो.

अपंगांच्या बाबतीत तर हा प्रश्न हक्काचाच आहे. २०११च्या जनगणनेत त्यांची संख्या २ कोटी ६८ लाख होती. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ असे प्रमाण असावे, प्रत्येक चित्राला शब्दांत पर्याय असावा, केवळ कळफलकाने सर्व व्यवहार करता यावा, असे आंतरराष्ट्रीय दंडक वर्षानुवर्षे उपलब्ध आहेत, त्यांवर आधारित शासकीय मार्गदर्शिकाही आहे. तरीही ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटण्याची अट घालणाऱ्या पद्धती रूढ झाल्या आणि आम्लहल्ल्यात डोळे गमावलेल्या स्त्रियांना न्यायालयात जावे लागले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. रचनेतील एका अटीने माणूस व्यवहारातून बाद होऊ शकतो, हे एवढ्या स्पष्टपणे क्वचितच समोर आले असेल.

बाजार हे काम करील काय?

स्पर्धा असली की रचना आपोआप सुधारते, असे उत्तर काहीजण देतील. खाजगी कंपन्यांची संकेतस्थळे सरकारीपेक्षा सुबक असतात, हे खरे आहे. परंतु तेथे सुबकता विक्रीसाठी असते. वस्तू घेणे एका स्पर्शात होते. वर्गणी बंद करणे मात्र पाच पानांच्या चक्रव्यूहातून जाते. ग्राहकाने न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे, ‘शेवटचे दोनच उरले’ अशी खोटी घाई करणे, किंमत शेवटच्या पानावर वाढविणे, या युक्त्यांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१०मध्ये ‘डार्क पॅटर्न’ असे नाव दिले. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. तात्पर्य, कुशल रचना ही दुधारी आहे. ती कोणाच्या हितासाठी वापरली जाते, हा प्रश्न उरतोच. आणि शासनाच्या बाबतीत तर स्पर्धेचा मार्गच बंद आहे. दाखला हवा असलेल्या नागरिकाला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. जेथे ग्राहक सोडून जाऊ शकत नाही, तेथे सेवा सुधारण्यासाठी नियम आणि मोजमाप यांवाचून गत्यंतर नसते.

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. ज्या ब्रिटिश संस्थेचा गौरव वर केला, तिचीच ‘व्हेरिफाय’ ही नागरिकांची ओळख पटविणारी योजना फसली. २०२०पर्यंत अडीच कोटी लोक तिचा वापर करतील, अशी अपेक्षा होती. फेब्रुवारी २०१९पर्यंत ही संख्या सुमारे ३६ लाख होती आणि ओळख पटविण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी जेमतेम ४८ टक्के यशस्वी होत होते. २०२३मध्ये ती योजना बंद झाली. मात्र हे आकडे आपल्याला ठाऊक आहेत, कारण ते मोजले गेले आणि तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ते जाहीर केले. अपयश झाकून ठेवले असते, तर तीच योजना आजही ‘यशस्वी’ म्हणून मिरवली गेली असती.

मोजमाप हवे

महाराष्ट्रात २०१५चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अर्ज केल्यावर किती दिवसांत सेवा मिळाली पाहिजे, हे त्याने ठरवून दिले. ही मोठीच सुधारणा होती. परंतु कायद्याचे घड्याळ सुरू होते ते अर्ज दाखल झाल्यावर. तो दाखल करण्यापूर्वी नागरिकाचे किती दिवस गेले, किती जणांनी मध्येच नाद सोडला, किती जणांना पैसे देऊन दुसऱ्याकडून तो भरून घ्यावा लागला, याची नोंद त्या घड्याळात होत नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक डिजिटल सेवेसाठी चार गोष्टी मोजण्याचा दंडक घातला गेला : प्रत्येक व्यवहाराचा खर्च, वापरणाऱ्याचे समाधान, आरंभ केलेल्यांपैकी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण, आणि एकूण व्यवहारांतील डिजिटल व्यवहारांचा वाटा. यांतील तिसरे माप जरी आपल्याकडे प्रत्येक सेवेबाबत दर तीन महिन्यांनी जाहीर झाले, तरी कोणत्या अर्जात घोडे कोठे पेंड खाते, हे सर्वांना दिसेल. त्याला मोठा खर्च लागत नाही. लागते ती उघड करण्याची तयारी.

त्याबरोबरच निविदांचे निकष बदलले पाहिजेत. संकेतस्थळ बांधून देणाऱ्याला पैसे मिळतात ते पाने आणि सोयी मोजून. लोकांकडून चाचणी करून घेणे, मराठी मजकूर मुळातून लिहिणे, मंद जाळ्यावर तपासणे, उद्घाटनानंतर वर्षभर दुरुस्त्या करीत राहणे, यांसाठी निविदेत रकाना नसेल, तर ती कामे कोणी करणार नाही; आणि त्याबद्दल एकट्या तंत्रज्ञाला दोष देणेही न्याय्य ठरणार नाही.

ब्रिटनने २०१४मध्ये डिजिटल सेवांसाठी जे निकष लागू केले, त्यांतील अखेरचा निकष असा होता की, सेवा लोकांसाठी खुली करण्यापूर्वी त्या खात्याच्या मंत्र्याने ती स्वतः आरंभापासून अखेरपर्यंत वापरून पाहावी. आपल्याकडे संकेतस्थळाच्या उद्घाटनाला मंत्री येतात आणि एक कळ दाबून जातात. त्यांनी त्याऐवजी साध्या मोबाइलवर, स्वीय सहायकाच्या मदतीवाचून, मराठी पान उघडून एक अर्ज पूर्ण भरून दाखवावा. तेवढे झाल्यावर अर्जातील किती रकाने अनावश्यक होते, हे सांगण्यासाठी कोणत्याही समितीची गरज भासणार नाही.